गडग्यावरचे सगळेच हिरवे तण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी पाखाडी बेणायची आणि दिवाळीनंतर विहिरीचा कठडा, देवळाची पोवळी, परसाचा गडगा (दगडी कुंपण) साफ करायचा, ही कोकणातली रीत जुनी आहे आणि चांगली आहे. अलीकडे कोयतीच्या जोडीला तणनाशकाचा पंप, तारेचा ब्रश, पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र आणि सरतेशेवटी सिमेंटचे पॉइंटिंग, म्हणजे सांधे बुजवणे, आले. श्रमदानाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी-शेजारी छापून येतात. दुसऱ्या फोटोतली भिंत लख्ख असते, पण जरा निरखून पाहिले तर पिंपळाचा छाटलेला बुडखा जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांध्यात तसाच असतो. गेलेले असतात ते नेचे (फर्न), म्हणजे ज्यांचा भिंतीला काडीचा उपद्रव नव्हता ते. हे नेमके उलटे व्हायला हवे. कसे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

चिऱ्याची भिंत फुटते ती झाड उगवले म्हणून नव्हे, ते जाड होत गेले म्हणून. पिंपळ, वड, उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडते, दोऱ्याएवढे मूळ आत शिरते आणि मग ते दरवर्षी लाकूड धरते. दोऱ्याचे बोट होते, बोटाचे मनगट. त्या रेट्यापुढे चिरा सरकतो. नेच्यांना हे जमतच नाही. हंसराज आणि सायलोटम हे नेचे, तशीच नेच्यांच्या शेजारी वाढणारी बिनफुलांची सिलॅजिनेला, यांच्या खोडामुळांत वर्षागणिक नवे लाकूड चढवणारा थरच नसतो, त्यामुळे मूळ जन्मताना जेवढे जाड, तेवढेच शेवटपर्यंत. हंसराजाची मुळे काळ्या केसांसारखी दिसतात आणि केसांसारखीच राहतात. ती भेगेत बसतात, भेग रुंदावत नाहीत. त्यांच्या नावावर एक दोष मात्र मांडावा लागेल. नेच्यांच्या जुन्या गड्ड्यांत माती आणि ओल साठते आणि तिथे पिंपळाच्या बियांना आयता वाफा मिळतो. म्हणून गडग्याच्या माथ्यावर, जिथे सपाटी असते आणि पक्षी बसतात, तिथली माती खरवडून काढलीच पाहिजे. उभ्या अंगावरचे नेचे राहू द्यावेत.

या उभ्या अंगावर बरीच मंडळी नांदतात. विहिरीत पाण्याच्या वर हातभर हंसराजाची झालर असते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर टेरिस विटाटा हा नेचा हमखास सापडतो, कारण त्याला चुना मानवतो. (जमिनीतले आर्सेनिक ओढून पानांत साठवणारा नेचा म्हणून २००१ मध्ये जगभर ज्याची चर्चा झाली, तो हाच.) सावलीतल्या ओल्या चिऱ्यावर सिलॅजिनेलाचा नाजूक गालिचा असतो. शेवाळ समजून तो खरवडला जातो, पण बारकाईने पाहिले तर तिच्या काडीवर पानांच्या चार रांगा दिसतात, कडेच्या दोन मोठ्या आणि वरच्या दोन बारीक. तिच्या काडीत पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या वाहिन्या असतात. शेवाळात त्या नसतात.

सगळ्यात विरळ आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे सायलोटम न्यूडम. कोकणात ती तुरळकच आढळते. वीतभर ते हातभर उंचीच्या हिरव्या काड्यांची ही जुडी. पान नाही, फूल नाही. हिरांची वाढवण हिरवी रंगवून कुणी भेगेत खोचून ठेवावी तसे तिचे रूप. इंग्रजीतले ‘व्हिस्क फर्न’ हे नावही केरसुणीवरूनच पडले आहे. सावलीतल्या चिऱ्याची भेग, माडाच्या बुंध्याशी साचलेला भुसा, जुन्या झाडाच्या ढोलीतली कुजकट माती अशा जागा तिला आवडतात. रोपवाटिकेत तर ती न बोलावता ऑर्किडच्या किंवा पामच्या कुंडीत उगवते आणि तण म्हणून उपटली जाते.

किनाऱ्यावर तिच्याबाबत चकवा बसतो तो सुरूच्या रोपाचा. ओळख सोपी आहे. सुरूची काडी ओढली तर पेरापेराला तुटते आणि प्रत्येक पेराशी बारीक दात्यांचे कडे दिसते. सायलोटमला पेरे नसतात. तिची प्रत्येक फांदी दोनातच फुटते, त्या दोहोंच्या पुन्हा दोन-दोन होतात, एका जागी तीन फांद्या कधी फुटत नाहीत. वरच्या काड्या बोटांत फिरवल्या तर तीन धारा हाताला लागतात. काडीवर लांब-लांब अंतराने तांदळाच्या कणीएवढे खवले असतात. त्यांत शीर नसते, म्हणून वनस्पतिशास्त्र त्यांना पान म्हणत नाही. पाने नसल्याने अन्न तयार करण्याचे काम हिरवी काडीच करते. पक्की खूण मात्र बीजाणुकोशांची, म्हणजे बियांऐवजी बीजाणूंची भुकटी धरणाऱ्या पिशव्यांची. दुभंगलेल्या खवल्याच्या बेचक्यात दोन-तीन मिलिमीटरचा गोळा असतो, आधी हिरवा आणि पिकल्यावर पिवळा. तीन कोश एकमेकांना चिकटून तो झालेला असतो. एरंडाचे तिधारी बोंड कुणी मोहरीपेक्षा थोडे मोठे करून काडीवर बसवले आहे असे वाटते. पिकला की तो तीन चिरांनी उकलतो आणि आतून पिवळसर भुकटी झडते. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घ्यावा, सगळे दिसते.

आता जमिनीखाली पाहू, कारण गडग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे. सायलोटमला मूळच नाही. खाली बोरूपेक्षाही बारीक तपकिरी आडवे खोड असते, तेही दोन-दोनात फुटत जाते. त्यावर लव असते आणि त्या लवेतून आत शिरलेली बुरशी पाणी आणि क्षार पुरवते. बुरशी मेली की झाड उपाशी पडते. चिरा सरकवण्याची ताकद या खोडात कुठून असणार? कोयतीने वरच्या काड्या उडवल्या तरी ती मरत नाही, खालून पुन्हा फुटते. ती मरते ती भेग सिमेंटने बुजल्यावर, भिंतीवर मीठ, ब्लीचिंग पावडर किंवा गाडीचे जळके तेल ओतल्यावर, नाहीतर सावली धरणारे झाड तोडल्यामुळे भेग कोरडी पडल्यावर.

बीजाणूंपासून नवी जुडी उभी राहणे हे तर फार रेंगाळणारे काम आहे. बीजाणू उजेडात रुजत नाही. तो भेगेच्या अंधारात पडावा लागतो, तिथे महिनोन्‌महिने ओल टिकावी लागते आणि योग्य बुरशी भेटावी लागते. मग त्यातून काही मिलिमीटरचा, बिनहिरवा, तपकिरी कोंभ तयार होतो आणि तो जन्मभर मातीखालीच बुरशीच्या जिवावर जगतो. नर-मादी पेशींचा संयोग या कोंभावरच होतो, आणि तोही नर पेशींना पोहत जाण्यापुरते पाणी असेल तरच. आपल्याला दिसणारी हिरवी काडी ही त्यानंतरची पिढी. म्हणून ‘काढली तरी पुन्हा उगवेल’ हे पिंपळाबाबत खरे आहे, सायलोटमबाबत नाही.

इथे एक गैरसमजही दूर करावा. सायलोटमला सर्रास ‘जमिनीवरच्या पहिल्या वनस्पतीचा जिवंत वंशज’ म्हटले जाते. यामागे कारण आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्या आणि किडस्टन व लँग यांनी १९१७ ते १९२१ दरम्यान त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बिनपानांच्या, बिनमुळांच्या, दोन-दोनात फुटणाऱ्या त्या काड्या हुबेहूब सायलोटमसारख्या होत्या. साहजिकच नाते जोडले गेले आणि अनेक पाठ्यपुस्तकांत ते रुळले. पण डीएनएचा पुरावा वेगळे सांगतो. सायलोटम ही नेच्यांपैकीच एक, आणि तिचे सगळ्यात जवळचे भाऊबंद म्हणजे ऑफिओग्लॉसम नावाचे छोटे नेचे. पूर्वजांकडे असलेली पाने-मुळे तिने टाकून दिली आहेत. म्हातारी दिसते म्हणून ती खापरपणजी ठरत नाही. या नात्याची एक खूण डीएनएशिवायही दिसते. ऑफिओग्लॉसमची ती लपलेली पिढीही अशीच मातीखाली, बिनहिरवी, बुरशीवर पोसलेली असते.

हा ऑफिओग्लॉसम बघायला लांब जावे लागत नाही. पहिल्या पावसानंतर कातळसड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, खडकाच्या खळग्यातल्या बोटभर मातीत, जमिनीलगत एकच साधे पान आणि त्यातून सरळ उभा राहिलेला दांडा दिसतो. दांड्याच्या टोकाला बीजाणुकोशांच्या दोन रांगा मण्यांसारख्या बसवलेल्या असतात. काही आठवड्यांत हे सगळे दिसेनासे होते. याच कुळातल्या ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटममध्ये १२६० गुणसूत्रे मोजली गेली आहेत. माणसात ४६ असतात.

खरोखर जुनी शाखा हवी असेल तर ती सिलॅजिनेला आणि आयसोएटीस यांची. ती इतर वाहिनीवंत वनस्पतींपासून ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. दगडी कोळशाच्या काळात याच शाखेचे वृक्ष ३० मीटर आणि त्याहून उंच वाढत होते. आज आयसोएटीस सड्यावरच्या पावसाळी डबक्यात भाताच्या तरव्यासारखी उभी असते आणि गवत म्हणून तुडवली जाते. एक पान आडवे कापून पाहावे, आत चार पोकळ नळ्या दिसतील. पानाचा बुडखा पांढुरका आणि फुगीर असतो, त्यात रव्याच्या कणांसारखे मोठे बीजाणू भरलेले असतात. वाहनतळासाठी किंवा आंब्याच्या कलमांसाठी सडा सपाट करताना या डबक्यांत मुरूम लोटला जातो. उन्हाळ्यात डबके आटले तरी चिखलातला कंद तग धरतो, पण वर हातभर मुरूम पडला की संपले. कातळशिल्पांमुळे सड्यांकडे आता लोकांचे लक्ष गेले आहे. शिल्पाच्या चौकटीला कुंपण घालताना शेजारचे खळगे बुजवू नयेत, एवढे जरी पाळले तरी पुष्कळ.

आता सफाईचे. पाहणी आणि उपटणी श्रावणात करावी, डागडुजी मार्गशीर्षानंतर. दिवाळीनंतर गेलात तर हंसराज आणि सिलॅजिनेला सुकायला लागलेली असतात. कुठे काय होते ते कळत नाही आणि सगळेच वाळके गवत वाटते. श्रावणात नेचे हिरवे असतात, तेव्हाच ठेवायच्या जागांवर खडूने खूण करावी आणि फोटो काढून ठेवावेत. पिंपळाची बोटभर रोपेही तेव्हाच काढावीत, कारण सांधा ओला असतो. रोप बुडाशी धरून सांध्याच्या रेषेत सरळ ओढले की मुळासकट येते. वर किंवा बाजूला हिसका दिला तर मूळ तुटून आत राहते आणि महिन्याभरात दोन फुटवे येतात.

अंगठ्याहून जाड झालेले झाड ओढू नये, चिरा हातात येतो. वरचा पसारा कापून वीतभर बुडखा ठेवावा, त्याची साल गोल सोलून काढावी आणि येणारा प्रत्येक फुटवा तीन-चार आठवड्यांनी खुडत राहावे. पानेच मिळाली नाहीत की मुळातला साठा संपतो. याला एक-दोन पावसाळे लागतात, घाई करून उपयोग नाही. मूळ भिंतीच्या आरपार गेले असेल तर तेवढ्या भागातले चिरे खडूने क्रमांक घालून उतरवणे, मूळ काढणे आणि त्याच क्रमाने चिरे परत बसवणे हाच खरा इलाज. खर्चिक आहे, पण भिंत पडल्यावरचा खर्च त्याहून मोठा असतो.

तणनाशक फवारू नये. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले असून ते परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचे आहे. पाठीवर पंप घेऊन कुणीही ते मारू लागला तर ते नियमाबाहेर आहे. शिवाय फवारा पिंपळाच्या पानांवर पडतो तसाच नेच्यांवर आणि भिंतीतल्या बेडकांवरही पडतो. विहिरीच्या आत तर कोणतेच रसायन नको. ते पाणी आपणच पितो.

तारेचा ब्रश आणि जोराचा पाण्याचा फवारा यांना आमचा विरोध नेच्यांपेक्षा चिऱ्यासाठी अधिक आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर त्याची वरची कातडी टणक होते. ही कातडी घासून काढली की आतली मऊ माती उघडी पडते, फवारा ती छिद्रांतून धुऊन नेतो आणि दोन पावसाळ्यांत चिरा खरवसासारखा जाळीदार होतो. मिठाचेही तसेच. विरघळलेले मीठ चिऱ्यात मुरते, उन्हाळ्यात आतच त्याचे खडे बनतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. पाखाडीवर लोक घसरतात ही अडचण खरी आहे, पण घसरतात ते पायरीच्या माथ्यावरच्या शेवाळावरून. तो माथा नारळाच्या सोडणाने आणि वाळूने घासावा. पायरीच्या उभ्या बाजूला हात लावायची गरज नाही. विहिरीवर रहाटाच्या बाजूला नेच्यांची लांब पाने लोंबत असतील आणि त्यांत जनावर (साप) लपण्याची भीती असेल, तर तेवढी पाने कापावीत. गड्डा राहू द्यावा.

सांधे भरायचेच असतील तर चुन्याने भरावेत. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली नदीची वाळू, मोजमाप घमेल्याने. समुद्राची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ असते. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट खोल खरवडून, पाणी मारून मगच चुना दाबावा आणि किमान आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकावे. चुना भराभर सुकला तर त्याची भुकटी होते, आणि मग दोष चुन्याला दिला जातो. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक असते आणि पाणी सोडत नाही. भिंतीतली ओल मग चिऱ्यातून बाहेर पडते आणि सांधा शाबूत राहून चिराच झिजतो. कोरड्या चिऱ्यांनी बांधलेल्या विहिरीत तर पॉइंटिंग करूच नये. तिथे पाणी सांध्यांतूनच पाझरत आत येते. सांधे बुजवले की पाझर कमी होतो आणि पावसाळ्यात मागचे पाणी भिंतीला आत ढकलते. सायलोटम असेल त्या भेगेभोवती हातभर जागा कोरीच सोडावी. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ‘साफसफाई व पॉइंटिंग’ असा एकच मोघम शब्दप्रयोग असतो. त्याऐवजी ‘काष्ठमय झाडे काढणे’ आणि ‘चुन्याचे पॉइंटिंग, खूण केलेल्या जागा वगळून’ असे लिहून घेतले की ठेकेदाराला सबब राहत नाही.

किल्ल्यांची गोष्ट निराळी. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे श्रमदानाचा उत्साहही वाढला आहे. संरक्षित स्मारकाच्या तटावरचे झुडूप काढायलाही संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे उत्साही मंडळांनी आधी ध्यानात घ्यावे.

रस्ता रुंद होणार म्हणून गडगा पडणारच असेल तर सायलोटम हलवता येते. काड्या उपटू नयेत. चिऱ्याचा तुकडा फोडून, भेगेतल्या मातीसह तळहाताएवढा गड्डा उचलावा आणि धुऊ नये, कारण धुण्याने बुरशी जाते. तळाला भोके असलेल्या कुंडीत दोन भाग वाटाण्याएवढी चिऱ्याची खडी, एक भाग काथ्याचे तुकडे आणि एक भाग कुजलेला पाला घालून तो बसवावा. अर्धी सावली, वरचा थर सुकला की पाणी, खत अजिबात नाही. बहुतेक गड्डे मरतात ते चिकण मातीत पाणी साचून कुजल्यामुळे. जपानात एदो काळापासून सायलोटम हौसेने कुंडीत वाढवतात आणि तिचे शंभरावर प्रकार जपले आहेत. तसला शौक इकडे सुरू होऊन भिंतीवरच्या जुड्या विकायला येऊ नयेत, म्हणून हलवण्याची ही रीत भिंत पडणारच असेल तेव्हापुरतीच समजावी.

कुणाला जुडी आढळलीच तर शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून पूर्ण जुडीचा एक आणि पिवळ्या गोळ्यांचा जवळून एक असे दोन फोटो काढावेत, तारीख आणि जागा लिहावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवावे. नमुना मागितला तर गोळे असलेली एकच फांदी कात्रीने कापून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून द्यावी. समाजमाध्यमावर टाकताना गावाचे नाव पुरे, विहीर कुठली ते लिहू नये.

आपले,
नेचेवर्गीय वनस्पतींचे दोन अभ्यासक,
रत्नागिरी